सायनसचा जुना दाह आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. सुमारे दोन वर्षांपासून माझे नाक दोन्ही बाजूंनी चोंदलेले असते, घशात सतत चिकट स्राव उतरतो आणि गेल्या वर्षापासून वास जवळजवळ येईनासा झाला आहे. अनेकदा प्रतिजैविके घेतली. तेवढ्यापुरते बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने तपासून आणि सीटी स्कॅन करून पॉलिपसह (नाकात लोंबणाऱ्या सुजलेल्या अस्तरासह) दीर्घकालीन सायनसायटिस असल्याचे सांगितले, नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिला आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले. स्प्रे मी त्रास वाढला की वापरते. अलीकडे एका परिचितांनी सांगितले की हा आजार मुळात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिडंट पदार्थांच्या अतिरेकामुळे, होतो आणि स्टेरॉइड केवळ लक्षणे दाबून ठेवते. त्यांनी त्यासाठी रक्ताची एक तपासणी आणि जीवनसत्त्व क, ई, बीटा-कॅरोटीन व एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे ऑक्सिडंटना आवर घालणाऱ्या पदार्थांच्या, गोळ्यांचा सहा महिन्यांचा कोर्स सुचवला आहे. माझे पती धूम्रपान करतात, मात्र घरात खिडकीपाशी उभे राहूनच. त्यांनाही या गोळ्या घ्याव्यात असे वाटते. मी स्प्रे बंद करून गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. स्प्रे बंद करू नका. आज ज्या रीतीने तुम्ही तो वापरता त्याहून कितीतरी अधिक नियमाने तो वापरण्याची गरज आहे, आणि सुचवलेल्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. तरीही तुमच्या परिचितांचे म्हणणे सरसकट झटकून टाकावे असे मला वाटत नाही. दीर्घकालीन सायनसायटिसमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असतो, शस्त्रक्रियेत काढलेल्या पॉलिपमध्ये त्याच्या खुणा पुन्हा पुन्हा सापडल्या आहेत, आणि तो दाहाला खतपाणी घालतो हेही खरे आहे. अडचण त्यापुढच्या पायरीवर आहे. ऑक्सिडंट वाढले आहेत म्हणून अँटिऑक्सिडंट गिळावे, हा विचार ऐकायला सरळ वाटतो, पण नाकाच्या अस्तराला तो तितक्या सरळपणे लागू पडत नाही. तसे का, हे नीट समजले तर रोजचा कंटाळवाणा उपचार का सोडू नये हेही पटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

निदानाबद्दल शंका बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. नाक चोंदणे किंवा नाकातून पुढे वा मागे घशात स्राव येणे यांपैकी किमान एक लक्षण, त्याच्या जोडीला दुसरे लक्षण किंवा चेहऱ्यावरचे दडपण वा वास कमी होणे, असा त्रास १२ आठवडे किंवा त्याहून अधिक टिकला आणि दुर्बिणीत अथवा सीटी स्कॅनमध्ये त्याला पुरावा मिळाला, की त्याला दीर्घकालीन सायनसायटिस म्हणतात. पुराव्याची अट महत्त्वाची आहे, कारण सायनसच्या नावाखाली वर्षानुवर्षे डोकेदुखीची औषधे घेणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात अर्धशिशी असते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपली डोकेदुखी सायनसची आहे असे मानणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीसारखी निघाली होती. तुमच्या बाबतीत मात्र वास जाणे आणि दोन्ही बाजूंनी नाक बंद राहणे ही पॉलिपची अगदी ओळखीची चिन्हे आहेत, आणि तज्ज्ञांनी पॉलिप डोळ्यांनी पाहिले आहेत.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्या. गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या मागे खोलवर, अशा त्यांच्या चार जोड्या असतात. त्यांच्या आतले ओलसर अस्तर चिकट स्राव तयार करते, हवेतली धूळ आणि जंतू त्यात अडकतात, आणि पेशींवरील सिलिया नावाचे सूक्ष्म केस सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा हलून तो थर पोकळीच्या तोंडाकडे ढकलत राहतात. गालातील पोकळीचे तोंड तिच्या तळाशी नसून वरच्या बाजूला असते, त्यामुळे तेथे स्राव चढवावा लागतो आणि ते सगळे काम एकट्या सिलियांवर पडते. अस्तर सुजले, स्राव घट्ट झाला किंवा सिलिया मंदावल्या, की हा निचरा थांबतो. तुमच्या आजाराचे सर्व उपचार या अस्तराला पुन्हा कामाला लावण्यासाठी आहेत, हे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

आता ऑक्सिडंटांकडे वळू. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल हे ऑक्सिजनपासून बनणारे अतिशय क्रियाशील पदार्थ म्हणजे शरीरात शिरलेले विषच, अशी समजूत जाहिरातींनी पसरवली आहे. प्रत्यक्षात नाकाचे निरोगी अस्तर ड्युअल ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइमच्या साहाय्याने हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतःच थोडे थोडे बनवत असते, आणि स्रावातील लॅक्टोपेरॉक्सिडेज हे दुसरे एन्झाइम ते वापरून जंतूंना मारणारा पदार्थ तयार करते. रक्तातून आलेल्या न्यूट्रोफिल पेशी जंतू गिळतात तेव्हा त्यांच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात आणि पुढे त्यातूनच हायपोक्लोरस आम्ल बनवतात. ज्या मुलांमध्ये सुपरऑक्साइड बनवणारी ही यंत्रणा जन्मतः सदोष असते त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज हा दुर्मिळ आजार होतो आणि जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वारंवार होतात. ऑक्सिडंट बनलेच नाहीत तर काय ओढवते, याचा याहून स्पष्ट दाखला देता येणार नाही. सायनसमध्ये नायट्रिक ऑक्साइड हा वायूही मोठ्या प्रमाणावर तयार होतो, हे १९९०च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले. तो जंतूंना रोखतो आणि सिलियांना गती देतो. (तोंड मिटून गुणगुणले की सायनसमधली हवा हलते आणि नाकातून बाहेर पडणारा हा वायू अनेक पटींनी वाढतो. पॉलिपने सायनसची तोंडे बंद केली असतील तर ही वाढ दिसत नाही, इतका निचऱ्याचा आणि या वायूचा संबंध जवळचा आहे.)

या शस्त्रांपासून स्वतःच्या पेशी वाचवण्याची व्यवस्थाही शरीराकडे आहे. सुपरऑक्साइडला निष्प्रभ करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले. कॅटलेज, ग्लुटाथायोन आणि त्याच्या आधाराने काम करणारी एन्झाइम्स, यूरिक आम्ल, जीवनसत्त्व क आणि ई हे त्याचे सोबती. या दोन बाजूंमधला तोल ऑक्सिडंटांकडे झुकण्याच्या स्थितीला जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव दिले. ऑक्सिडंट किती प्रमाणात, नेमके कोठे आणि किती काळ वाढलेले आहेत, यावर त्यांचे हितकर वा घातक असणे ठरते.

जुन्या सायनसायटिसमध्ये हा तोल ढळतो तो असा. धूर, सूक्ष्म धूलिकण, ॲलर्जी निर्माण करणारे कण, बुरशी किंवा स्टॅफिलोकोकस ऑरियससारख्या जंतूंची विषे यांमुळे अस्तराच्या पेशींना इजा होते. पेशींत ऑक्सिडंट वाढले की एनएफ-कप्पा-बी नावाची प्रथिने पेशीकेंद्रात शिरतात आणि दाह घडवणाऱ्या जनुकांना चालना देतात. त्यातून इंटरल्यूकिन-८ सारखी संदेश नेणारी द्रव्ये सुटतात, ती रक्तातून आणखी न्यूट्रोफिल ओढून आणतात, आलेल्या पेशी आपले ऑक्सिडंट सोडतात, त्यांनी अस्तराला पुन्हा इजा होते आणि तेच संदेश नव्याने सुटू लागतात. पॉलिप असलेल्या अनेक रुग्णांमध्ये याच्या जोडीला दुसरी एक साखळी चालू असते. इजा झालेले अस्तर टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ ही धोक्याची सूचना देणारी द्रव्ये सोडते, त्यांना प्रतिसाद म्हणून इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३ वाढतात, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी मोठ्या संख्येने येऊन तेथे दीर्घकाळ टिकून राहतात. या इओसिनोफिलांकडे स्वतःचे पेरॉक्सिडेज असते आणि ते हायपोब्रोमस आम्लासारखे तीव्र ऑक्सिडंट बनवते. परिणामी अस्तराच्या पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारे सांधे सैल होतात, बाहेरचे कण अधिक खोल शिरतात, चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी वाढतात, सिलियांची गती मंदावते आणि अस्तरात पाणी साचून ते लोंबू लागते. ते लोंबणारे अस्तर म्हणजेच पॉलिप.

पॉलिपच्या ऊतींमध्ये मॅलोन्डायअल्डिहाइड हा मेदाच्या ऑक्सिडीकरणातून उरणारा पदार्थ जास्त आणि संरक्षक एन्झाइम्सची क्रिया कमी आढळल्याचे अनेक अभ्यासांत नोंदवले गेले आहे. तुमच्या परिचितांच्या विधानाचा आधार बहुधा हाच असावा. मात्र अशा अभ्यासांत काढलेल्या ऊतीची त्या एका क्षणाची स्थिती मोजलेली असते. दाह आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस एकत्र नांदतात हे त्यातून कळते. कोणी कोणाला आधी जन्म दिला हे कळत नाही. वर सांगितलेले चक्र पाहिले तर दोघे एकमेकांना वाढवतात असे म्हणणे अधिक योग्य ठरते, आणि म्हणून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हेच आजाराचे मूळ, हे विधान उपलब्ध पुराव्याच्या पुढे जाते.

प्रतिजैविकांनी तुम्हाला तात्पुरतेच का बरे वाटले, हेही यातून समजते. तुमच्या आजाराचा गाभा अस्तराचा दाह हा आहे. जंतू त्यात भर घालतात, पण ते बहुतेक वेळा दुय्यम असतात आणि अनेकदा अस्तरावर बायोफिल्म नावाचा चिवट थर करून राहतात, ज्यात औषध नीट पोहोचत नाही. मधेच स्राव पिवळा-हिरवा होऊन ताप आला, दुखणे वाढले, तर डॉक्टर प्रतिजैविक देतीलही, आणि काही निवडक रुग्णांना विशिष्ट प्रतिजैविक कमी मात्रेत दीर्घकाळ दिले जाते, पण तो निर्णय त्यांचा. दर वेळी नाक भरले की जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणे थांबवा.

आता गोळ्यांविषयी. जीवनसत्त्व क तोंडाने कितीही घेतले तरी रक्तातील पातळी एका मर्यादेपुढे फारशी वाढत नाही, कारण आतड्यातील शोषण कमी होते आणि उरलेले मूत्रपिंड बाहेर टाकते. दीर्घकाळ मोठ्या मात्रा घेणाऱ्या काहींना मूतखडे होण्याचा धोका वाढतो. शिवाय रक्तात पातळी वाढली म्हणजे सुजलेल्या अस्तरातील नेमक्या त्या पेशीत, नेमक्या त्या क्षणी बनणारा ऑक्सिडंट थोपवला गेला असे होत नाही. हायड्रॉक्सिल रॅडिकल जेथे तयार होते तेथेच क्षणार्धात समोर येईल त्यावर तुटून पडते, आणि ते बनण्याआधीच सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड यांना आवरण्याचे मुख्य काम पेशीच्या आतील एन्झाइम्स करतात, गिळलेली जीवनसत्त्वे नव्हेत. एखाद्या व्यक्तीला जीवनसत्त्वाची खरी कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, पण तो वेगळा विषय झाला. पॉलिपसह दीर्घकालीन सायनसायटिसवर या गोळ्यांनी आजार आटोक्यात येतो असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही, आणि तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत त्यांना नेहमीच्या उपचारांचे स्थान नाही.

बीटा-कॅरोटीनबाबत मला जास्त काळजी वाटते, आणि ती तुमच्यापेक्षा तुमच्या पतींसाठी आहे. १९९४ मध्ये फिनलंडमधील एका प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष आले. २९ हजारांहून अधिक पुरुष धूम्रपानकर्त्यांवर केलेल्या त्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच दुसऱ्या चाचणीत तीच दिशा दिसल्यामुळे ती १९९६ मध्ये वेळेआधी थांबवण्यात आली. जीवनसत्त्व ई रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांमध्ये पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्या माणसाने बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत, हे मी येथे निःसंदिग्धपणे लिहितो, आणि तुम्ही हे पत्रोत्तर त्यांना वाचायला द्यावे अशी माझी विनंती आहे.

एन-ॲसिटिलसिस्टीनचे प्रकरण थोडे निराळे आहे. ते शरीरात ग्लुटाथायोन बनवण्यास कच्चा माल पुरवते, घट्ट स्राव पातळ करते, आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर तर ते जीव वाचवणारे औषध आहे. स्राव फार चिकट असल्यास तुमच्या तज्ज्ञांनी काही दिवस दिले तर त्यास माझी हरकत नाही. मात्र पॉलिप किंवा वास यांवर त्याचा भरवसा धरता येणार नाही. जीवनसत्त्व ई मोठ्या मात्रेत घेत असाल आणि पुढे शस्त्रक्रिया ठरली तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्याने रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. रक्ताच्या त्या तपासणीबद्दल एवढेच सांगतो की तिचा कोणताही आकडा आला तरी तुमचा उपचार त्याने बदलणार नाही, त्यामुळे ती करू नये.

स्टेरॉइड केवळ लक्षणे दाबते, या वाक्याने तुमचे सर्वांत जास्त नुकसान केले आहे असे मला वाटते. वर ज्या एनएफ-कप्पा-बीचा उल्लेख केला, त्याच्या कामात स्टेरॉइड थेट अडथळा आणते. इंटरल्यूकिन बनण्याचे प्रमाण घटते, इओसिनोफिलांचे आयुष्य कमी होते, आणि ऑक्सिडंट सोडणाऱ्या पेशीच जागेवर कमी उरल्यामुळे त्यांचा मारा ओसरतो. म्हणजे परिचितांना गोळ्यांकडून जे हवे आहे, ते हा स्प्रे अधिक वरच्या पातळीवर, आणि नेमका जेथे आजार आहे तेथे, करत असतो. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनच्या स्प्रेमधून रक्तात पोहोचणारा अंश दोन टक्क्यांहूनही कमी असतो, त्यामुळे तोंडाने दीर्घकाळ स्टेरॉइड घेण्याचे जे धोके तुम्ही ऐकले असतील ते येथे तसेच्या तसे लागू होत नाहीत. मात्र हे औषध लगेच नाक मोकळे करणारे नाही. त्रास वाढल्यावर चार दिवस मारून सोडून दिले तर ते निष्फळ वाटणारच. रोज, तज्ज्ञांनी सांगितलेल्या मात्रेत, किमान ८ ते १२ आठवडे वापरल्याशिवाय त्याची परीक्षा झाली असे मी मानत नाही.

मारण्याची रीतही पाहा. डोके मागे टाकू नये, किंचित पुढे झुकवावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा हात वापरावा, म्हणजे नळीचे टोक आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने राहते. मारल्यावर जोराने ओढून घेऊ नये, कारण मग औषध अस्तरावर न थांबता घशात उतरते. नाकातून रक्ताचे थेंब येत असतील तर बहुतेक वेळा फवारा मधल्या पडद्यावर आदळत असतो. रीत सुधारूनही रक्त येत राहिले तर दाखवून घ्या.

नाक धुण्याचे काम स्प्रेच्या आधी करावे. भरपूर पाण्याने धुतले की घट्ट स्राव, त्यातील जंतू, धूलिकण आणि दाहाची द्रव्ये वाहून जातात, आणि मोकळ्या झालेल्या अस्तरापर्यंत औषध पोहोचते. आयोडीन नसलेले मीठ ३ चमचे आणि खाण्याचा सोडा १ चमचा असे मिश्रण कोरड्या बरणीत करून ठेवावे आणि त्यातील १ चमचा, म्हणजे ५ मिलिलिटरच्या मापाचा, सुमारे २४० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवावा. झोंबत असेल तर मिश्रण थोडे कमी घ्यावे. पाण्याच्या बाबतीत मी काटेकोर आहे: नळाचे पाणी थेट कधीही वापरू नये. किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेले किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्यावे, कारण नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असलेले पाणी नाकात गेल्यास मेंदूचा जो संसर्ग होतो तो अत्यंत दुर्मिळ असला तरी जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. बाटलीही रोज धुऊन पूर्ण वाळवावी.

यानंतरचा विषय तुमच्या घरातल्या धुराचा, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातील तो सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे, जरी तुम्ही तो ओघात लिहिला असला तरी. सिगारेटच्या धुरात मुक्त रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, प्रचंड संख्येने असतात. एका झुरक्यात त्यांची संख्या १०००००००००००००००, म्हणजे एकावर पंधरा शून्ये, इतकी मोजली गेली आहे. हा धूर सिलियांना मंद करतो, अस्तरातील ग्लुटाथायोन खर्ची पाडतो आणि स्वतःच एनएफ-कप्पा-बीला जागे करतो. खिडकीपाशी उभे राहिल्याने धूर बाहेर जातो असे वाटते, परंतु वाऱ्यासोबत त्यातला बराच आत येतो, कपड्यांवर आणि पडद्यांवर बसतो, आणि सुजलेल्या अस्तराला तेवढाही पुरतो. घरात रोज धूर होत असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणे म्हणजे छप्पर गळत असताना खाली फरशी पुसत राहणे. पतींनी धूम्रपान सोडणे हे सर्वांत चांगले, आणि त्यासाठी निकोटिनचे पर्यायी उपचार व समुपदेशन यांची मदत घेता येते. ते होईपर्यंत घराच्या चार भिंतींच्या आत, कोणत्याही खिडकीपाशी, सिगारेट पेटू नये. इलेक्ट्रॉनिक सिगारेट हा सुरक्षित पर्याय समजू नका. अगरबत्ती, डासांची कॉइल, तीव्र वासाचे फवारे यांनीही त्रास वाढत असेल तर तेही बंद करा. कामाच्या ठिकाणी धूळ किंवा रसायनांची वाफ असेल तर योग्य मास्क वापरा.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात मिसळून नाकात घालण्याचा सल्ला अधूनमधून फिरत असतो. ज्या अस्तरात तो पदार्थ आधीच जास्त झाला आहे तेथे तो आणखी ओतणे घातक आहे. नाकात लावायच्या जस्तयुक्त औषधांमुळे वास कायमचा जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिला होता. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन यांसारखे नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की सूज उलटून येते आणि थेंबांवाचून नाक उघडेनासे होते.

तुम्हाला दमा आहे का, किंवा ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामकांनी कधी दम लागला वा नाक एकाएकी भरून आले का, हे पत्रात नाही. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन न सोसणे हे त्रिकूट काही रुग्णांत एकत्र आढळते, अशा रुग्णांत पॉलिप वारंवार उगवतात आणि त्यांचा उपचार वेगळ्या रीतीने आखावा लागतो. याविषयी तज्ज्ञांना आवर्जून सांगा.

नियमित उपचारानेही पुरेसा फरक पडला नाही तर पुढचे मार्ग आहेत. काही दिवस तोंडाने स्टेरॉइड दिल्याने वास परत येऊ शकतो, पण तो परिणाम टिकत नाही आणि असे कोर्स वारंवार घेणे योग्य नाही. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत पॉलिप काढून सायनसची तोंडे रुंद केली जातात. तिचा एक मोठा लाभ असा की त्यानंतर धुण्याचे पाणी आणि औषध आतपर्यंत पोहोचते, आणि म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरही स्प्रे आणि धुणे चालू ठेवावे लागते. तीव्र आजारासाठी आता जैविक औषधेही उपलब्ध आहेत. इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांचा संदेश रोखणाऱ्या ड्युपिलुमॅबला पॉलिपसह सायनसायटिससाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, त्यानंतर ओमालिझुमॅबला २०२० मध्ये आणि इंटरल्यूकिन-५ रोखणाऱ्या मेपोलिझुमॅबला २०२१ मध्ये. ही औषधे महाग आहेत, सर्वांना लागत नाहीत, पण ज्यांना शस्त्रक्रियेनंतरही पॉलिप पुन्हा होतात त्यांच्यापैकी अनेकांचा वास त्यांनी परत आणला आहे. या औषधांपैकी एकही अँटिऑक्सिडंट नाही. ती दाहाचा संदेश त्याच्या उगमाजवळ तोडतात.

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाच्या दोन वस्तू दिसणे, दृष्टी अंधूक होणे, कपाळात असह्य दुखणे, मान ताठणे, खूप ताप किंवा गुंगी यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. त्रास एकाच बाजूला राहू लागला, त्या बाजूने रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, तर तोही लवकर दाखवावा; त्यामागे वरच्या दाढेचे दुखणे असू शकते, आणि क्वचित गाठही. मधुमेह असल्यास नाकात काळी खपली दिसणे ही तातडीची बाब समजावी.

पुढील तपासणीसाठी एक व्यवहार्य सूचना. नाक आणि सायनसचा त्रास किती आहे हे मोजणारी स्नॉट-२२ नावाची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली असते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ११०. तज्ज्ञांकडून ती मागून घ्या, रोजचा उपचार सुरू कराल त्या दिवशी भरा आणि १२ आठवड्यांनी पुन्हा भरा. गुण ९ किंवा त्याहून अधिक कमी झाले तर तो फरक खरा मानला जातो. तेवढा फरक पडला नसेल तर दोन्ही कागद घेऊन तज्ज्ञांकडे जा, आपण किती दिवस स्प्रे चुकवला हे प्रामाणिकपणे सांगा, आणि शस्त्रक्रिया किंवा जैविक औषध यांपैकी आपल्याला काय योग्य ठरेल हे त्यांना विचारा.